वळणं तुमची, सरळ रस्ता त्याचा

रविवार, ३ मार्च

चि. मास्तरीणबाई हिस,

अनेक आशीर्वाद वि. वि.

मुंगीच्या दप्तरात भूगोलाच्या वहीखाली हे पत्र सापडेल. दचकू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. तुम्ही दोघं वेगळे झालात त्याला तीन वर्षं झाली. तेवढ्या काळात तुझं-माझं फोनवर दोनदा बोलणं झालं, आणि दोन्ही वेळा आपण वकिलांसारख्या बोललो. शिवाय आमचा फोन हॉलमध्ये असतो, तो आधी हे उचलतात आणि गल्लीभर ऐकू जाईल असं बोलतात. म्हणून पत्र. मुंगी एक रविवार सोडून बापाकडे येतेच, तर टपालखर्चही नाही. 'चि.'पुढे 'सौ.' लिहावं की नाही यावर बराच वेळ पेन धरून बसले होते. शेवटी जुनं मास्तरीणबाईच लिहिलं. तू अजून ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतेस, तेव्हा त्यात खोटं काही नाही.

कारण असं. मे महिन्याच्या सुट्टीत मुंगीच्या आत्याकडे जावं असं मनात आहे. लेकीची त्या बंदरावरच्या कचेरीत बदली झाल्यापासून मी तिला पाहिलेली नाही. तिला रजा मिळत नाही. तिथवर रेल्वे जात नाही, आणि बसमध्ये ह्यांना गुडघा दुमडून बसवत नाही. राहिली आपली गाडी. दोन दिवसांचा रस्ता आहे, मध्ये एक मुक्काम. गाडीत मी, हे, आमचे चिरंजीव, आणि तू हो म्हणालीस तर मुंगी. पोर दहा वर्षांची झाली, पण समुद्र तिने फक्त चित्रात रंगवला आहे, तोही हिरवा.

तुझ्याशिवाय ती कुठे फारशी राहिलेली नाही हे मला ठाऊक आहे. तेव्हा उत्तराची घाई करू नकोस. पण 'नाही' म्हणायचं असेल तर कारण लिही. नुसतं 'नाही' तिला समजावून सांगणं मला जमणार नाही.

लोभ वाढावा असं लिहायची पद्धत आहे. आहे तेवढा टिकला तरी मी समाधानी आहे.

तुझी,
सासू (पूर्वीची की आत्ताची, ते तू ठरव)


मंगळवार, १२ मार्च

ती. आई यांस,

शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. मुंगीने ते स्वतः काढून दिलं आणि माझं वाचून होईपर्यंत समोर उभी राहिली, म्हणजे विषय तिला माहीत आहे. तिने बॅग भरायला काढली आहे. मे अजून लांब आहे असं मी म्हटलं, तर म्हणाली की बॅग लहान आहे, विचार करायला वेळ लागतो.

तिला पाठवायला माझी ना नाही. हवे तितके दिवस राहू द्या. अडचण एकच आहे, आणि तुम्ही कारण मागितलंत म्हणून लिहिते. गाडी तुमच्या मुलाने चालवायची नाही.

हे रागाने लिहीत नाही. मुंगी चार वर्षांची असताना आम्ही एका लग्नाहून परत येत होतो. त्याला झोप येत होती. मी थांब म्हटलं की तो म्हणायचा, पुढच्या गावाला थांबू. ते गाव आलं की त्याच्या पुढचं. मग गाडी रस्ता सोडून खडीच्या ढिगाला जाऊन टेकली. कुणाला खरचटलंही नाही. मुंगी मागच्या सीटवर झोपली होती, ती जागीसुद्धा झाली नाही. तो हसला. चालवण्यातल्या चुका मी रोज बघते, त्यांचं मला काही वाटत नाही. पण तो हसला. आम्ही वेगळे का झालो याची लोकांनी बरीच कारणं शोधून काढली. हे कुणाला माहीत नाही.

लिफ्ट दुरुस्तीला गेला की दोर पुन्हा पुन्हा तपासणारा माणूस आहे तो. रस्त्यावर त्याचं काय होतं, मला कधी कळलं नाही.

दुसरा कुणी चालवणारा मिळाला तर मुंगी तुमची. उलटीचं औषध, कपडे, सगळं नीट सांगेन.

आजोबांना नमस्कार. तुमचे आशीर्वाद आहेत असं धरून चालते.

आपली,
मास्तरीण


रविवार, १७ मार्च

चि. मास्तरीणबाई हिस,

अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र वाचलं. खडीचं मला माहीत नव्हतं. तेव्हा गाडीचा पुढचा दिवा फुटला होता, तो दगड उडून लागला असं चिरंजीवांनी सांगितलं आणि मी ते खरं मानलं. तो माझा मुलगा आहे म्हणून मी त्याची बाजू मांडेन असं समजू नकोस. तुझी अट मला मान्य आहे.

त्याला मी जेवताना सांगितलं, की मुंगीची आई तिला पाठवायला तयार आहे, पण गाडी तू चालवायची नाहीस. कारण मी सांगितलं नाही, त्यानेही विचारलं नाही. ताट उचलून मोरीत ठेवलं आणि नळ सोडून स्वतः धुतलं. मग ठीक आहे म्हणाला. हे 'ठीक आहे' मला नवीन होतं. एरवी तो हुज्जत घातल्याशिवाय मीठसुद्धा मागत नाही.

आता चालवायचं कुणी? ह्यांना विचारताच त्यांनी बाह्या सरसावल्या. मोतीबिंदू पिकत आला आहे, ऑपरेशन सुट्टीनंतर ठरलं आहे. परवा कोपऱ्यावरच्या लाल टपालपेटीला बाई समजून हे बाजूला झाले आणि तिला आधी जा म्हणाले. मी काही बोलले नाही. पेटीही बोलली नाही.

मग पगारी ड्रायव्हर आणला. तरुण, नेटका, तोंडात शब्द नाही. म्हटलं जमलं. चाचणी म्हणून ह्यांना घेऊन तळ्यापर्यंत जाऊन ये असं सांगितलं. ह्यांचा जन्म पाणीपुरवठ्याच्या पंपांशेजारी गेला, आवाजावरून यंत्राचं दुखणं ओळखतात. जाताना त्यांनी त्या पोराला प्रत्येक गिअर कधी टाकायचा ते सांगितलं आणि येताना प्रत्येक गिअर का चुकला ते सांगितलं. फाटकाशी गाडी उभी करून त्याने किल्ली बॉनेटवर ठेवली, मला नमस्कार केला आणि चालत निघून गेला. दुसरा आला तो पहिल्याचा मित्र निघाला. तो फाटकातूनच परत फिरला.

तर सध्या गाडी आहे, माणसं आहेत, आत्याने पडदेही धुऊन टाकले आहेत, आणि पुढची एक सीट रिकामी आहे. मुंगीला अजून काही बोलले नाही. तुला काही सुचलं तर कळव. न सुचलं तरी चार ओळी पाठव, वाचायला बऱ्या वाटतात.

तुझी,
सासू


मंगळवार, २६ मार्च

ती. आई यांस,

शि. सा. न. वि. वि.

ड्रायव्हरची गोष्ट मुंगीला वाचून दाखवली. मित्राचा भाग तिने पुन्हा वाचायला लावला.

सुचलं आहे. गाडी तुम्ही चालवा.

पत्र खाली ठेवू नका, पुढे वाचा. तुम्हाला मी स्वतः शिकवलं आहे. दुपारी आजोबा झोपले की आपण बंद गिरणीमागच्या मैदानावर जायचो आणि चहाच्या आत परत यायचो. परीक्षेत तुम्ही पहिल्या फटक्यात पास झालात. माझ्या हाताखालून गेलेल्या बऱ्याच तरुण पोरांना ते जमलेलं नाही. लायसन्स कपाटात कपड्यांखाली असेल, मुदत आधी बघा. मी गेल्यावर तुम्ही गाडीला हात लावला नाहीत असं मुंगीकडून कळलं. शेजारी बसायला कुणी नव्हतं, ते मी समजू शकते.

बळाचा इथे काही संबंध नाही. गणवेशाच्या कारखान्यात तुम्ही कापडाचे थरच्या थर एका वेळी कापायचात. तुम्हीच मला सांगितलं होतं, की कात्रीच्या पात्याकडे बघितलं की हात चुकतो, पुढच्या खुणेकडे बघायचं. रस्त्यावर तेच करा. बॉनेटकडे बघू नका, जिथे जायचं तिथे बघा.

पाठीशी घट्ट उशी घ्या, म्हणजे क्लच तळापर्यंत दाबता येईल. पहिल्या दिवशी नुसती सुरू करा, थोडी पुढे घ्या आणि थांबवा. थांबवण्याचा सराव चालवण्यापेक्षा जास्त करा. शेजारी आजोबांना बसवा, पण त्यांना काहीतरी काम द्या. पाण्याची बाटली धरायला द्या. दोन्ही हातांनी धरायची, असं सांगा.

कसं झालं ते कळवा. वाट बघते.

आपली,
मास्तरीण


रविवार, ३१ मार्च

चि. मास्तरीणबाई हिस,

अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र मंगळवारचं, पण ते आज सकाळी मुंगी घेऊन आली, आणि हे मी आजच संध्याकाळी लिहिते आहे. म्हणजे मधे किती काय घडलं ते बघ.

आधी वाटलं, हिचं डोकं ठिकाणावर आहे ना? मग लायसन्स काढून पाहिलं. मुदत आहे. फोटोतली बाई माझ्यापेक्षा धीट दिसते. बाहेर जाऊन गाडी सुरू करायला गेले तर ती नुसती कण्हली. तळ्याच्या फेरीनंतर कुणी हात लावला नव्हता, बॅटरी पुन्हा उतरलेली, चाकांत हवा कमी, स्टेपनी तर बसून बसून चपटी झालेली. गॅरेजवाल्याला बोलावलं. कोण चालवणार आहे असं त्याने विचारलं, मी म्हटलं मी, तेव्हा त्याने गाडीकडे कणवेने पाहिलं.

ह्यांनी एवढंच विचारलं, की हे तू कधी शिकलीस. तुम्ही झोपलेले असताना, असं मी खरं ते सांगितलं. त्यावर हे दुपारभर बोलले नाहीत. घर एकदम मोठं वाटलं.

मग आम्ही दोघं निघालो. गल्ली नीट गेली. वळताना मात्र बाजूचा अंदाज चुकला आणि गाडी दातवाल्या डॉक्टरांच्या फाटकाला घासली. आवाज मोठा झाला. डॉक्टर हातमोज्यांसकट बाहेर आले, त्यांच्यामागून अर्धं तोंड बधिर झालेला एक रोगी आला, तो काहीतरी सांगत होता पण कुणाला कळलं नाही. रंग गेला आहे, फाटक शाबूत आहे. मी इंजिन बंद केलं, किल्ली ह्यांच्यापुढे धरली आणि म्हटलं, झालं माझं, धरा ही. ह्यांनी ती घेतली नाही. दोन्ही हातांत बाटली होती.

तशीच परत आणली गाडी. पण तुला खरं सांगते, मला भीती वाटते. गाडीची नाही. मैदानावर मागची सीट रिकामी असायची, आता तिथे मुंगी असणार.

तुझी,
सासू


बुधवार, १० एप्रिल

ती. आई यांस,

शि. सा. न. वि. वि.

फाटकाला घासणं हा अपघात नव्हे. आमच्या शाळेच्या भिंतीवर माझ्या विद्यार्थ्यांचे सगळे रंग आहेत. भीती वाटते ते चांगलं आहे. ज्याला मुळीच वाटत नाही, त्याच्या शेजारी बसायला मी कचरते.

आता चढाचा सराव करा. गाडी चढावर थांबली तर आधी हँडब्रेक ओढा, मग एकदा श्वास घ्या, मग क्लच हळूहळू सोडा. इंजिनाचा आवाज जड झाला की हँडब्रेक सोडायचा. तो आवाज ओळखायचं काम आजोबांना द्या. त्यांनी फक्त 'आता' म्हणायचं. त्याच्या मागेपुढे एक शब्दही नाही.

मुंगीबद्दल. औषध निघायच्या आधी अर्धा तास. खिडकी तिची. गाडीत पुस्तक देऊ नका, मागितलं तरी. उलटी होणार असली की ती आधी गप्प होते. अखंड बडबड अचानक थांबली की लगेच गाडी बाजूला घ्या. ती स्वतः सांगणार नाही. आपल्यामुळे सगळ्यांना थांबावं लागतं असं तिला वाटतं. हे तिने कुठून उचललं ते मला माहीत आहे, पण ते असो.

प्रकृतीला जपा, पाठ दुखली तर सराव एक दिवस सोडा.

आपली,
मास्तरीण


रविवार, १४ एप्रिल

चि. मास्तरीणबाई हिस,

अनेक आशीर्वाद वि. वि.

चढ जमला. पाण्याच्या टाकीकडे जाणाऱ्या रस्त्यावर मी गाडी मुद्दाम मध्येच थांबवली आणि पुन्हा काढली. ह्यांनी 'आता' म्हटलं आणि नेमक्या त्याच क्षणी गाडी उचलली. परत येताना हे इतके खूश होते की त्यांनीच चढवली असावी असं वाटलं. फाटक मी रंगवून दिलं. डॉक्टर म्हणाले, आता ते घरापेक्षा चांगलं दिसतं.

सामानावरून मात्र रोज वाद आहेत. ह्यांना घडीची खुर्ची हवी, स्वतःची उशी हवी, हत्यारांची पेटी हवी, आणि वाटेत कुठलंही पाणी चालणार नाही म्हणून दोन कॅन हवेत. आयुष्यभर गावाला पाणी पाजलेला माणूस परक्या पंपावर विश्वास ठेवत नाही. डिकीत हे सगळं भरलं की माणसांच्या बॅगा मांडीवर घ्याव्या लागतील. मी एक डाव टाकला आहे. खुर्ची किंवा पेटी, एक निवडा, असं सांगितलं आहे. तेव्हापासून हे दोन्हींकडे आळीपाळीने बघत बसतात.

चिरंजीवांचं काही कळत नाही. हल्ली सकाळी साडेसहालाच बाहेर पडतात. विचारलं तर जादा काम आहे म्हणतात. मला वाटतं, मी गाडी काढते आणि तो बघत राहतो, ते त्याला सोसवत नसावं. पण एकदा मी आल्यावर त्याने चाकांची हवा तपासली, न सांगता.

मुंगीने बॅग पुन्हा रिकामी केली आहे. आत्याला काय न्यायचं ते ठरत नाही म्हणे.

तुझी,
सासू


बुधवार, २४ एप्रिल

ती. आई यांस,

शि. सा. न. वि. वि.

तुमचा मुलगा जादा कामाला जात नाही. तो आमच्या शाळेत येतो.

पहिल्या दिवशी मी त्याला बाकावर बसलेला पाहिला तेव्हा वाटलं, मुंगीबद्दल काही बोलायचं असेल. अंगावर कामाचे निळे कपडे, दोन्ही बाजूंना कॉलेजची पोरं. मला बघून तो उठला नाही, मीही थांबले नाही. नंतर कळलं की त्याने नाव नोंदवलं आहे. त्याचं लायसन्स किती जुनं आहे ते बघून आमचे मालक चक्रावले. त्यांनी विचारलं, तुम्हाला शिकायचं तरी काय आहे? तो म्हणाला, "मला चालवता येतं. थांबता येत नाही."

मालकांनी हे मला हसत सांगितलं. मी हसले नाही.

मालक स्वतः त्याच्याबरोबर जातात. एल बोर्ड लावून, सकाळच्या गर्दीत, मागची वाहनं हॉर्न वाजवत असताना. मी त्या गाडीत बसलेले नाही आणि बसणारही नाही. मालकांचं म्हणणं असं, की सांगू तिथे थांबतो आणि वाद घालत नाही. एकदा तो न सांगताच बाजूला घेऊन थांबला. का म्हणून विचारलं, तर डोळे जड झाले म्हणाला. सकाळचे सात वाजले होते. मालकांना वाटतं की तो खोटं बोलला, सराव म्हणून. मलाही तसंच वाटतं.

यावरून तुम्ही पुढचं काही मनात आणू नका. मी आणलेलं नाही. पण माझी अट थोडी बदलते. सपाट रस्ता असेल, दिवसाउजेडी, आणि तुम्ही शेजारी जाग्या असाल, तर त्याने चालवायला हरकत नाही. दोन दिवस एकट्याने चालवणं तुमच्या पाठीला झेपणार नाही, तेही मी धरलं आहे. घाटातली वळणं तुमची, सरळ रस्ता त्याचा.

अट बदलल्याचं त्याला सांगा. शाळेचं मी कळवलं ते सांगू नका. तो जादा काम म्हणत असेल तर ते जादा कामच राहू द्या.

आपली,
मास्तरीण


रविवार, २८ एप्रिल

चि. मास्तरीणबाई हिस,

अनेक आशीर्वाद वि. वि.

आज थोडक्यात लिहिते, डिकी अर्धी भरून उघडी आहे.

त्याला सांगितलं. नेमकं काय म्हणाली ते त्याने दोनदा विचारलं. मी तुझेच शब्द सांगितले. मग त्याने नकाशा आणला आणि घाट कुठे सुरू होतो ते मला दाखवलं. त्याच्या अलीकडे चहाची एक जागा आहे, तिथे जागा बदलू, म्हणाला. शाळेबद्दल मी काही बोलले नाही. जादा काम शुक्रवारी संपलं म्हणे. मी म्हटलं, बरं झालं.

ह्यांनी शेवटी खुर्ची निवडली. पेटी मात्र काल मला सीटखाली सापडली, टॉवेलात गुंडाळलेली. मी ती तशीच राहू दिली. कधीतरी कामाला येईल, नाही आली तर ह्यांना झोप तरी येईल.

पुढच्या रविवारी उजाडताच निघायचं आहे. मुंगीला शनिवारी संध्याकाळी पाठव. तिच्या कपड्यांची काळजी करू नकोस, कमी पडले तर मी शिवून देईन. गप्प झाली की थांबायचं, हे मी सगळ्यांना पाठ करायला लावलं आहे.

तुझी,
सासू


बुधवार, ८ मे

चि. मास्तरीणबाई हिस,

अनेक आशीर्वाद वि. वि.

सुखरूप पोचलो. हे मी पहिल्या ओळीत लिहिते आहे, कारण तू आधी तेच शोधशील.

पहिला दिवस सपाट होता. शहराबाहेर पडेपर्यंत मी चालवली, मग त्याने. मुंगी बोलत होती, हे झोपत होते, मी जागी होते. दुपारी जेवण झाल्यावर एका झाडाखाली त्याने गाडी घेतली आणि इंजिन बंद केलं. झोप येते म्हणाला. ह्यांनी लगेच सांगायला सुरुवात केली, की मुक्कामाचं गाव आता काही लांब नाही, तेवढं काढून टाक. त्याने किल्ली काढून माझ्या हातात दिली, ह्यांची घडीची खुर्ची काढली, झाडाखाली उघडली आणि तिच्यात झोपला. खरोखर झोपला, घोरत. आम्ही तिघं डिकीवर बसून राहिलो. मुंगीने विचारलं की बाबा आजारी आहे का. मी म्हटलं, नाही, थांबला आहे. त्यावर तिने मान हलवली, जणू नेहमीचंच आहे.

दुसऱ्या दिवशी घाट. चहाच्या जागी मी पुढे बसले, तो मागे मुंगीजवळ गेला. वळणं मोजली नाहीत, मोजली असती तर उतरून चालत गेले असते. एकदा समोरून बस आली आणि चढावरच मला थांबावं लागलं. मागे रांग लागली. ह्यांनी 'आता' म्हटलं, ते मला ऐकूही आलं नाही, पण गाडी उचलली. वर पोचताना मागची बडबड बंद पडली. मी वाक्य पुरं व्हायची वाट बघितली नाही, लगेच बाजूला घेतली. तरी थोडा उशीर झाला. ह्यांची टोपी समुद्रापर्यंत पोचली नाही.

समुद्र पाहून मुंगी बराच वेळ गप्प होती, तेव्हा आम्ही सगळे सवयीने तिच्यापासून लांब सरकलो. मग म्हणाली की हा तर करडा आहे, माझा हिरवा चांगला होता. पण त्या दिवसापासून ती पाण्यातून बाहेर येत नाही. आत्या आणि ती एकाच ताटात जेवतात.

आता अडचण. लिफ्टच्या कंपनीतून चिरंजीवांना बोलावणं आलं आहे. एका दवाखान्यातली लिफ्ट बंद पडली आहे, आणि दुसरा कारागीर आजारी आहे. त्याला उद्याच्याच बसने निघावं लागेल. आम्ही परत निघणार त्या दिवशी चालवणारी मी एकटी. घाट आणि सपाट, दोन्ही माझे. येताना तो मागे बसला होता, हेच मला पुरेसं होतं. हात थकले तर आहे कुणीतरी, असं वाटायचं.

तेव्हा तुला विचारते. दोन-चार दिवसांची रजा काढून तू बसने इथे येशील का? परत येताना तू चालव, मी शेजारी बसेन. आत्यालाही तुला भेटायचं आहे. त्याला मी हे विचारलं, तर तो म्हणाला, "तिला बोलाव. ती असली की मुंगी सुखरूप येईल." असं तो तुझ्याबद्दल बोलला, ते तुला कळावं म्हणून जसंच्या तसं लिहिलं.

पत्र त्याच्याच हाती देते आहे. लोभ असू दे, आणि या खेपेला थोडा जास्त असू दे.

तुझी,
सासू


रविवार, १२ मे

ती. आई यांस,

शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र शुक्रवारी मिळालं. बसस्टँडवरून तो थेट शाळेत आला. माझं वाचून होईपर्यंत उभा राहिला, आणि मग म्हणाला की तू जाणार असशील तर उद्याचं तिकीट काढून देतो.

मी येणार नाही.

रजेची अडचण नव्हती, मालक जा म्हणाले. मी एक दिवस विचार केला. मी आले तर मुंगी सुखरूप घरी येईल, त्यात शंका नाही. पण मग तुम्ही पुन्हा गाडी काढणार नाही. किल्ली कपाटात जाईल. आणि मुंगी जन्मभर सांगेल की आजीने जाताना चालवली, पण येताना आईला बोलवावं लागलं. हे मला नको आहे. चढावर बसपुढे थांबून ज्या बाईने गाडी पुन्हा काढली, तिच्या शेजारी बसून मी काय करू? बाटली धरायला आजोबा आहेत.

जाताना चढलात तो घाट आता उतरायचा आहे. उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, गिअर दुसरा ठेवा, गाडी स्वतःला आवरते. दोन दिवसांच्या जागी तीन घ्या, दोन मुक्काम करा. कंटाळा आला तरी थांबा, कारण नसलं तरी थांबा. मुंगीला उतारावर जास्त त्रास होतो, औषध घाटाच्या आधी पुन्हा द्या. आजोबांसाठी टोपी पाठवली असती, पण टपालात चुरगळेल.

त्याने मला विचारलं, आईला एकटीला जमेल का. मी हो म्हटलं. त्याने पुन्हा विचारलं नाही, पण गेलाही नाही. मग आम्ही शाळेच्या बाकावर थोडा वेळ बसलो आणि मुंगी पाण्यात काय काय करते ते त्याने सांगितलं. दवाखान्यातून फोन आला तेव्हा तो उठला. तुम्हाला कळवायला हरकत नाही म्हणून कळवते, त्यात आणखी काही नाही.

भीती मलाही वाटते. ती तुम्ही घरी पोचेपर्यंत राहील, आणि मी ती कुणाला सांगणार नाही. तुम्ही शुक्रवारी सकाळी निघालात तर रविवारी दुपारपर्यंत याल. मी गल्लीच्या तोंडाशी उभी असेन. मुंगीने हात केला तर करू द्या. मी करणार नाही. वळताना तुमचं लक्ष रस्त्यावर असू द्या.

आत्याला माझी आठवण सांगा. तुमची माया आहे, ती मी गृहीत धरते.

आपली,
मास्तरीण